सोवळ्या पाण्यातला क्षय

एका पावसाळ्यात मी आमच्या गावातल्या बहुतेक सगळ्या प्रतिष्ठित माणसांना क्षयरोगी ठरवलं. ती सगळी ठणठणीत होती. त्यांतली काही अजून आहेत, आणि रस्त्यात भेटली की मुद्दाम छाती भरून श्वास घेऊन दाखवतात. त्यांची मी माफी मागितली आहे, काहींची दोनदा. गावातल्या ज्या एका माणसाला खरोखर क्षय होता त्याला मात्र तो नाही, असं मी दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं. ते माणूस म्हणजे माझी वहिनी. हे लिहायला मी इतकी वर्षं का घेतली, ते पुढे कळेलच.

गावाचं नाव सांगत नाही. रोहिणखेडच्या बाजूचं, दोन जिनिंग फॅक्टऱ्यांचं आणि आठवडी बाजाराचं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो. मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, राममंदिराचा पुजारी होता, आणि देवळाला लागूनच आमचं घर होतं. माझी पहिली बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली होती. मी वहिनीच्या हातचं जेवत होतो, आणि खामगावच्या एका हेडमास्तरांच्या मुलीशी माझ्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू होती.

त्या सुमारास एका जिनिंगच्या मालकांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दवाखान्याला एक सूक्ष्मदर्शक यंत्र दिलं. गाव त्याला दुर्बीणच म्हणे. यंत्र वीतभर उंचीचं होतं आणि सोबत आलेली संगमरवरी पाटी दोन माणसांनी उचलावी लागली. पाटी दर्शनी भिंतीत बसवली, तेव्हा तिच्यासाठी औषधांचं कपाट काढून व्हरांड्यात ठेवावं लागलं. डेप्युटी कमिशनरसाहेब उद्घाटनाला आले, यंत्रातून पाहिलं, काही दिसलं नाही, आणि फार छान आहे म्हणाले.

ते चालवणार कोण, हा प्रश्न नंतर आला. आमचे डॉक्टरसाहेब पेन्शनीला टेकले होते. ते म्हणाले, "लोकांचे बेडके मी नोकरीभर बाहेरून पाहिले. आता आतून पाहायची माझी इच्छा नाही." कंपाउंडरला इंग्रजी येत नव्हतं. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून मला सहा आठवडे नागपूरला शिकायला पाठवलं. मी मनापासून शिकलो. बेडक्याचा बारीक थर काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून दिव्याची धग द्यायची, मग तेजाबानं धुवायचं, मग निळा रंग. क्षयाचे जंतू असे हट्टी, की तेजाबानंही त्यांचा लाल रंग जात नाही. निळ्या शेतात लाल काड्या दिसल्या की क्षय. दरवेळी मध्ये पाण्यानं धुवायचं, आणि ते पाणी वाफेचं पुन्हा थंड करून धरलेलंच पाहिजे, साध्या पाण्यानं धुवायचं नाही, असं आमच्या शिक्षकांनी तीनदा सांगितलं होतं. त्यासाठी काचेचं एक यंत्रही माझ्यासोबत दिलं होतं.

ते यंत्र मलकापूरच्या स्टेशनवर उतरवताना फुटलं. हमालाच्या हातून नाही, माझ्या. नवं मागवलं तर नागपूरहून आधी चौकशीचा कागद येणार, मग यंत्र. तोवर काय करायचं, याचा मी दोन दिवस विचार केला आणि मला वाटलं, की गावात सगळ्यात स्वच्छ पाणी तर माझ्याच घरी आहे.

देवळात देवाच्या पाण्याचं एक मोठं पितळी पिंप होतं. त्याला पितळी तोटी. वहिनी रोज पहाटे ओलेत्यानं विहिरीवर जाई, पाणी शेंदून आणी आणि ते पिंप भरी. दुसऱ्या कोणी त्या पाण्याला शिवायचं नाही, त्यावर सावलीही पडू द्यायची नाही. पिंप बाहेरून चिंचेनं घासून असं लखलखीत ठेवलेलं असे, की त्यात आरती दिसे. तोटी आतून कधी साफ झाली होती का, हे मी विचारलं नाही. ती काढायची तर कासाराला बोलवावं लागलं असतं आणि कासारानं हात लावला म्हणजे पिंप विटाळलं. म्हणून आजोबांच्या काळात बसवलेली तोटी होती तशीच होती. त्या पाण्याच्या बाटल्या मी रोज सोवळ्यात भरून दवाखान्यात नेऊ लागलो.

आता जे सांगायचं आहे त्याची मला फार लाज वाटते. देवाचं पाणी सगळ्यांच्याच बेडक्याला कसं लावायचं, असा मला प्रश्न पडला. ज्यांना आम्ही शिवत नव्हतो, ते लोक दवाखान्याच्या मागच्या पायरीशी उभे राहत. त्यांच्या काचा मी वेगळ्या ठेवल्या. त्या धुवायला झाडूवाला विहिरीवरून ताजं पाणी आणून, डब्यात उकळून, गाळून ठेवी. म्हणजे एकाच टेबलावर माझी दोन पाणी होती. उजव्या हाताला देवाचं, डाव्या हाताला झाडूवाल्याचं. आपण किती काळजीपूर्वक काम करतो, असं तेव्हा मला वाटायचं.

पहिला लाल निघाला तो एक वकील. गावात वकील दोनच होते आणि त्यांचं आपसात पटत नसे. दुसरा वकील दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

"त्यांच्या काचेत किती काड्या निघाल्या?" त्यानं विचारलं.

"असं सांगत नसतात, वकीलसाहेब."

"मी काही कोर्टात विचारत नाही. सांगा."

"चार."

मी त्याची काच तपासली. नऊ निघाल्या. त्याच्या चेहऱ्यावर आधी क्षणभर समाधान दिसलं, मग तो खाली बसला.

मग रांगच लागली. तहशिलीचे हेडक्लार्क, शाळेचे दोन मास्तर, पुराणिकबुवा, कापसाचे अडते. कोणी बेडका चांदीच्या वाटीत आणला, कोणी पानाच्या डब्यात, वर जाळीचा रुमाल घालून. देशमुखांनी माणूस पाठवला. तो रिकाम्या हातानं आला.

"मालकांचा बेडका कुठं आहे?"

"मालकाले यायले टाइम नाही. मले म्हने तूच जाऊन थुकून ये."

"अरे, पण तपासणी मालकांची आहे ना?"

"तं नाव त्यायचंच लिहा साहेब. माह्या नावानं लिहून कोनाले काय फायदा?"

मी परत पाठवायला हवं होतं. पण देशमुखांचा माणूस परत पाठवायची आमच्या गावात पद्धत नव्हती. मी त्या गड्याचा बेडका घेतला, देवाच्या पाण्यानं धुतला, देशमुखांच्या नावावर सात काड्या लिहिल्या. देशमुख त्याच दिवशी अंथरुणाला खिळले. ज्याचा बेडका होता तो गडी त्यांचे पाय चेपत बसला.

गावाची रीतच बदलली. शेळ्यांच्या सहवासानं क्षय बरा होतो असं वैद्यांनी सांगितल्यामुळे देशमुखांच्या दिवाणखान्यात पलंगाच्या चारही खुरांना शेळ्या बांधल्या. वकिलांकडे पक्षकार गेला की त्याला शेळी बाजूला करून बसावं लागे. क्लबात पत्ते खेळणारे हाताला रुमाल गुंडाळून पत्ते पिसू लागले आणि एकेक खुर्ची सोडून बसू लागले. पुराणिकबुवांनी पुराण सांगताना तोंडाला उपरणं बांधलं, त्यामुळे ते काय सांगतात हे कोणाला कळेना, पण गर्दी कमी झाली नाही. हेडक्लार्कच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ते पाप माझंच. त्या मुलीचं पुढे जमलं, पण ज्याच्याशी जमायला हवं होतं त्याच्याशी नाही.

मला मात्र मान आला. लोक मला पाहून उठून उभे राहत. डॉक्टरसाहेबांपेक्षा मला जास्त नमस्कार पडत. आणि माझ्या वहीत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली: मागच्या पायरीवरचे लोक जवळजवळ सगळे निरोगी, आणि पुढच्या दारानं येणारे जवळजवळ सगळे लाल. मी त्यावर विचार केला आणि सहा पानांचा अहवाल लिहिला. त्यात असं सिद्ध केलं, की क्षय हा बुद्धीचं काम करणाऱ्या आणि खानदानी लोकांचा रोग असून शरीरश्रम करणारे त्यापासून सुरक्षित असतात. अक्षर फार सुरेख आलं होतं. डॉक्टरसाहेबांनी न वाचता सही केली आणि अहवाल बुलढाण्याला गेला.

वहिनी संक्रांतीपासून खोकत होती. माहेर तिचं बीबीचं, लोणारकडचं. आमच्या घरात सगळे 'मले-तुले' बोलत आणि ती 'मला-तुला', म्हणून दादा तिला पुण्याची बाई म्हणून चिडवी. पुणं तिनं पाहिलंही नव्हतं. अंगानं ती आधीच बारीक, त्या वर्षी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या होत्या. पहाटेच्या ओलेत्यानं खोकला होतो, असं आम्ही म्हणत होतो. सगळ्या गावाचे बेडके मी तपासले, पण तिचा तपासायचं माझ्या मनात आलं नाही. शेवटी तीच एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "भाऊजी, साऱ्या गावाचं बघितलं, माझं कधी बघता? का त्याच्यासाठी देशमुख व्हावं लागतं?"

तिचीही काच लाल निघाली. दादानं त्याच दिवशी मागची खोली रिकामी करून वहिनीची ताट-वाटी तिथं नेली. दोन मुलगे आणि तीन वर्षांची मुलगी, तिघांना बीबीला तिच्या आईकडे पोचवलं. पिंप दादा स्वतः भरू लागला. खामगावच्या हेडमास्तरांचं पत्र आलं, की सध्या जरा थांबू.

अशा वेळी बुलढाण्याहून एक तरुण डॉक्टर आले. माझा अहवाल त्यांनी वाचला होता. मला वाटलं, शाबासकी द्यायला आले. त्यांनी वही मागितली, पुढच्या दारची पानं आणि मागच्या पायरीची पानं शेजारी ठेवून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "या दोन प्रकारच्या माणसांच्या काचा तुम्ही एकाच तऱ्हेनं करता ना?"

"हो साहेब."

"सगळं एकच?"

"पाणी तेवढं वेगळं," मी म्हणालो, आणि का वेगळं ते अभिमानानं सांगितलं.

त्यांनी एक कोरी काच घेतली. तिच्यावर बेडका नाही, काही नाही. फक्त देवाच्या पाण्याचे थेंब वाळवले आणि मला रंग द्यायला लावला. मी यंत्रात पाहिलं. निळ्यावर लाल काड्या.

"हा कोणाचा बेडका?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही."

"मग क्षय काचेला झालाय. काचेला शेळ्या बांधा."

ते देवळात आले. दादानं आधी त्यांचं आडनाव विचारलं, मग गाव, मग मामाचं आडनाव. सगळं पटल्यावर हात पाय धुवायला लावून त्यांना पिंपाजवळ जाऊ दिलं. त्यांनी तोटी पिळून काढली आणि करंगळी आत फिरवून बाहेर काढली. करंगळीला काळपट हिरवा, बुळबुळीत थर लागला होता. तीन पिढ्यांचा. ते म्हणाले, "क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ असतात. ते पाण्यात राहतात, मातीत राहतात, अशा तोट्यांत तर फार खुशीत राहतात. रंग अगदी तसाच धरतात. बहुतेक माणसांना काही करत नाहीत."

दादानं तोटीकडे पाहिलं. "म्हणजे देवाले रोज यानंच आंघोळ घालून राह्यलो का आपण?"

"देवाला काही झालेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

निघताना त्यांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. त्यांनी सांगितलेलं मला अजून शब्दाला शब्द आठवतं. नवं यंत्र ते स्वतः पाठवणार होते. त्या पाण्यानं सगळ्यांच्या काचा पुन्हा करायच्या. पुन्हा कोणी लाल निघाला तर नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नाही, कारण चुलतभाऊ माणसाच्या छातीतही बिऱ्हाड करतो आणि दोघं दिसायला सारखे. तो बेडका नागपूरला पाठवायचा. तिथं तो अंड्याच्या बलकावर वाढवून बघतात आणि गिनीपिग म्हणून सशासारखा एक लहान प्राणी असतो, त्याला टोचतात. प्राणी मेला तर क्षय, जगला तर पाण्यातला. "आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "एकाच छातीत दोन्ही असू शकतात. पाण्यातला आहे म्हणून दुसरा नाही, असं कधीही लिहू नका. डोंगरावरच्या आरोग्यधामात आपल्या जिल्ह्याची एक खाट आहे. खरा रोगी निघाला तर दिवाळीच्या आत कळवा, तोवर मी ती धरून ठेवतो. सुरुवातीला पोचलं तर माणूस वाचतं."

पाण्याची गोष्ट बाहेर पडली आणि गाव एका दुपारात बरं झालं. देशमुखांनी शेळ्या सोडल्या आणि गावजेवण घातलं. दोन्ही वकील पहिल्यांदा एका पंगतीत बसले. पुराणिकबुवांनी उपरणं सोडलं आणि रामकृपेनं एवढं मोठं संकट टळलं असं सांगितलं. त्या कृपेत माझा वाटा कोणी धरला नाही. मी रस्त्यानं निघालो की लोक ओट्यावरून खोकून दाखवत.

"काय हो दुर्बीणवाले, माह्या म्हशीचं बी पाहता का? लय खोकलून राह्यली."

"काऊन बे त्याले छेडतं? म्हैस बिचारी उद्यापासून चारा सोडंल."

नवं यंत्र आलं. फेरतपासणीला फार थोडे लोक आले. देशमुखांनी निरोप पाठवला, "एकदा बरे झालो, आता पुन्हा काऊन?" जे आले त्यांच्या काचा निळ्याशार निघाल्या. वडनेर भोलजीचा एक शेतकरी तेवढा लाल निघाला. त्याचा बेडका मी नियमाप्रमाणे नागपूरला पाठवला आणि बुलढाण्याला कळवलं. नियम मला माहीत होता, हे कळावं म्हणून हे सांगतो.

मग वहिनीची काच केली. चूळ भरायला लावून, शुद्ध पाण्यानं, दोनदा. दोन्हींत लाल काड्या.

मी दादाला नागपूरच्या तपासणीबद्दल सांगितलं. सांगताना आधी अंडं सांगितलं आणि मग तो प्राणी. उलट क्रमानं सांगितलं असतं, किंवा खाटेपासून सुरुवात केली असती, तर कदाचित तो ऐकता. पण मी अंड्यापासून सुरुवात केली, आणि खाटेचं सांगितलंच नाही.

"रामाची पूजा करणाऱ्याच्या घरून अंड्यावर थुकी पाठवायची?" दादा म्हणाला. "अन् वरून जीव मारायचा? तुले समजते का तू काय बोलून राह्यला?"

"तसं काही लागतंच असं नाही," मी म्हणालो. "पाण्यातलेही असतील."

मी जोर केला नाही. का नाही केला, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे आणि दरवेळी तीन उत्तरं मिळतात. पहिलं हे, की साऱ्या गावाला खोटा क्षय लावल्यावर पुन्हा तोच शब्द उच्चारायची, आणि तोही स्वतःच्या घरात, मला हिंमत नव्हती. दुसरं, क्षयी बाईच्या हातचा नैवेद्य देवाला चालला नसता आणि दादाची पूजा गेली असती. तिसरं उत्तर खामगावचं. हेडमास्तरांचं नवं पत्र आलं होतं, की गावातला घोटाळा निस्तरल्याचं कळलं, मंडळी बघायला येतो. पहिली दोन उत्तरं मी लोकांना सांगत आलो. तिसरं आज लिहितो आहे. ज्या मुलीशी माझं लग्न झालं ती बाजूच्या खोलीत गहू निवडते आहे, आणि तिला यातलं काही माहीत नाही. हे छापलं की माहीत होईल.

वहिनी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून वाट पाहत होती.

"काय निघालं, भाऊजी?"

"आहेत, पण पाण्यातले आहेत. तुम्ही रोज तेच पाणी तीर्थ म्हणून पिता ना. त्यांनी काही होत नसतं."

"सगळ्यांचे गेले, माझेच कसे राहिले?"

"तुम्ही पाण्यात जास्त असता."

मला वाटतं, तिला विश्वास ठेवायचा होता. "मग तसं लिहून द्या," ती म्हणाली. "शिक्का मारून. माझी आई लई खट आहे, कागद बघितल्याशिवाय लेकरं धाडायची नाही."

तो कागद कशासाठी आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी दवाखान्यात जाऊन चांगला जाड कागद घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, की सदर बाईंच्या कफात आढळलेले जंतू पाण्यातील निरुपद्रवी जातीचे असून त्यांना क्षय नाही. खाली शिक्का. आठ दिवसांत मुलं परत आली. धाकटी आल्या आल्या आईच्या मांडीवर जाऊन झोपली, ती पुढे रोज तिच्याच कुशीत झोपत होती. वहिनी पुन्हा पिंप भरू लागली. पिंपाला नवी तोटी बसवली होती, कासारानं लावल्यावर पंचगव्यानं शुद्ध केलेली.

दिवाळी गेली. खाट गेली. मार्गशीर्षात माझं लग्न झालं, आणि दोनशे पानांचा स्वयंपाक वहिनीनं उभं राहून करवून घेतला. पाहुण्यांनी तिच्या पुरणपोळीचं कौतुक केलं. ती मधूनमधून कोठीच्या खोलीत जाऊन खोकून येत होती. मी पंगतीत पाटावर बसून ते ऐकत होतो.

पौषात एका सकाळी तिनं तुळशीपाशी रक्ताची गुळणी टाकली. मग मात्र मी दादाला न विचारता तिच्या बेडक्याची बाटली नागपूरला पाठवली. उत्तराला दीड महिना लागला. टोचलेला प्राणी मेला होता, अंगभर क्षयाच्या गाठी घेऊन. अंड्याच्या बलकावर दोन पिकं आली होती. एक सावकाश वाढणारं, कोरडं, खरबरीत, ते क्षयाचं. दुसरं लवकर येणारं, पिवळसर, ते पाण्यातल्या चुलतभावाचं. दोन्ही एकाच छातीतले. तो कागद वाचताना मला सगळ्यात आधी बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. पाण्यातले आहेत असं मी म्हणालो होतो आणि पाण्यातले होतेच. माझं निम्मं निदान सहीशिक्क्यानिशी बरोबर ठरलं होतं. ते बरं वाटणं किती वेळ टिकलं ते सांगता येत नाही, पण टिकलं.

मी बुलढाण्याला लिहिलं. डॉक्टरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. खाटेवर वडनेर भोलजीचा शेतकरी होता, त्याला उतार पडत होता, त्याला उठवता येणार नाही. दुसरी ओळ अशी होती, की दिवाळीच्या आत आपल्याकडून काहीच का कळलं नाही. तिचं उत्तर मी दिलं नाही.

दादाला सांगितलं तेव्हा तो देवघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनीला सांगायला मीच गेलो. नागपूरचा कागद मी सोबत नेला होता, मराठीत समजावून सांगायला. तिनं तो हातात घेतला नाही.

"दोन्ही हायेत म्हणता."

"हो."

"आणि तुम्हाला हे तव्हा दिसलं होतं."

"लाल दिसलं होतं. कोणतं ते नक्की..."

तिनं मला शिवी दिली नाही, ती रडलीही नाही. ती मुलांचा हिशेब करत असावी. पदर तोंडाला लावून ती उठली आणि धाकटीचे कपडे फळीवरून काढू लागली. "उद्याच न्या त्यांना," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणासंगं नको. तुम्ही न्या. आईला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, कागदाचं पण."

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही मुलांना घेऊन निघालो. वहिनी दारात आली नाही, मागच्या खोलीचं दार लावून बसली. दोन मोटारी बदलून, मग बैलगाडीनं बीबी. तिच्या आईला मी सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं नाही. तिन्ही मुलं पुढे धडधाकट राहिली. त्यात माझं काही नाही. वहिनी त्यानंतर चार महिने होती.

मी परत आलो तेव्हा ती मागच्या ओसरीत उन्हाला बसली होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वळवली.

"पोचली का नीट?"

"पोचली."

"धाकटी रडली का?"

"नाही," मी म्हणालो. "खेळत खेळत गेली."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं काम आपल्याला पुन्हा स्वतःच करावं लागणार, असं लक्षात आल्यावर माणूस दमतं, तशी ती दमलेली दिसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता तरी जे बघितलं ते सांगा."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसलो.

"रडली," मी म्हणालो. "चिखलीपर्यंत रडली. मग झोपली, आणि बैलगाडीत उठून पुन्हा रडली. मी परत निघालो तेव्हा माझ्या धोतराला धरून, आईकडे ने म्हणत होती."

"सुटली कशी?"

"तुमच्या आईनं हात सोडवला."

वहिनीनं मान हलवली आणि पुढचं विचारलं.